पुसलेला नमुना

फोन आला तेव्हा मशीन चालू होतं आणि मशीनवर माझ्या मुलीचा नमुना होता. मोबाइलवर कांताचं नाव दिसलं म्हणून मी थेट विचारलं, "बसवला का दात?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "आपण कोण बोलताय?" मी म्हणालो, "हा माझ्या मिसेसचा फोन आहे. आपण कोण?" तो म्हणाला, "काका, मी वारज्यातून बोलतोय, हायवेच्या पुलापासून. तुमच्याजवळ कोणी आहे का?" समोरच्या टेबलावर माझ्याबरोबर काम करणारा दिगंबर नाश्त्याचा डबा उघडत होता. मी म्हणालो, "आहे. का?" मग त्यानं सांगितलं. कंपनीची माणसं ने-आण करणारी गाडी होती, सर्व्हिस रोडनं उलटी आली, काकू रस्ता ओलांडत होत्या. काकू गेल्या, असं तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणाला. माझी नजर स्क्रीनवर होती. अडतीस, एकोणचाळीस. आमचं मशीन मिनिटाला अर्धा मिलिमीटर खाली येतं. ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त जोराचा आकडा चढताना दिसतो. मध्येच थांबवलं तर नमुना वाया जातो, पुन्हा लावता येत नाही. मी थांबवलं नाही. फोन कानाला धरून मी उभा राहिलो. बारीक टक् आवाज झाला, आकडा कोसळला, आणि मी वहीत ४१.६ लिहिलं. लिहून झाल्यावर फोनवर विचारलं, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

ती वही अजून माझ्या टेबलावर आहे. त्या पानावरचं अक्षर मी पुष्कळदा पाहिलं. नेहमीसारखंच आहे, दशांश चिन्ह जागच्या जागी. हात थोडा हलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे. सव्वीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआयपर्यंत. सळ्या ओढून तोडायच्या, सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि किती जोर लागला ते लिहून द्यायचं, एवढंच काम. पूर्वी बिल्डर सळ्या पाठवायचे. मग आयटीच्या इमारती सुरू झाल्या तेव्हा दिवसाला चाळीस चाळीस ठोकळे यायचे. गेल्या पाच-सहा वर्षांत दातांचे डॉक्टर यायला लागले. त्यांना पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लागतो आणि त्यांच्या कॉलेजात असं मशीन नसतं. ते काढून टाकलेले दात घेऊन येतात. पहिल्या वेळी एका मुलीनं बाटलीतून वीस दात माझ्या टेबलावर ओतले तेव्हा दिगंबरनं डबा बंद केला आणि म्हणाला, "रामदासराव, आता केसही घेत जा. पुढंमागं विग काढू." दिगंबर कसबा पेठेतला, जुना पुणेकर. त्याला कुठल्याही गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही आणि त्याचं त्याला भूषण आहे. पण कांता गेली त्या दिवशी मला रिक्षात घालून नेणारा तोच. उतरताना फक्त म्हणाला, "चप्पल घाला." मी लॅबमधल्या रबरी सपाता घालून आलो होतो आणि माझी चप्पल त्याच्या हातात होती.

दाताचं सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही. कांताचा वरचा पुढचा दात काळा होता. बहात्तरच्या दुष्काळात वाशीमकडे तिच्या गावात हापशी आली. पाण्याला झुंबड. दहा वर्षांची होती. कोणीतरी दांडा सोडला आणि तो उसळून हिच्या तोंडावर बसला. दात पडला नाही, आतून मेला. वर्षभरात काळा पडला. आमच्या लग्नाच्या फोटोत तिचं तोंड बंद आहे. आमच्या मुलीच्या, मैत्रीच्या, बारशाच्या फोटोत बंद आहे. हसताना ती पदराचं टोक ओठांवर धरायची, इतकं नकळत की मला वाटायचं सगळ्याच बायका अशा हसतात. पुण्यात सत्तावीस वर्षं राहून ती 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, आमच्याकडच्या बायांसारखं. वारज्याच्या सोसायटीतल्या बायका हसायच्या, हीही हसायची, पदर धरून. मग मुलीची फी निघावी म्हणून बाणेरच्या एका कंपनीत पँट्रीला लागली. काम चहाकॉफीचं, पण त्या कंपनीनं सगळ्या कामवाल्या बायांना बसवून शिकवणी घेतली. एक इंग्रजी बोलणारी मुलगी आली आणि तिनं सांगितलं की साहेब लोकांना कप देताना दात दिसले पाहिजेत. कांता घरी येऊन म्हणाली, "घ्या. पन्नास वर्षं होत आले, आता हसणं शिकून राहिली मी. आणि तेही उघड्या तोंडानं." त्या मुलीनं हिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, तुम्ही तोंड का झाकता.

मैत्री तेव्हा एमडीएसला नुकतीच लागली होती. कृत्रिम दात बसवण्याची शाखा. सुरुवातीचे काही पेशंट स्वतः आणावे लागतात. ती म्हणाली, "आई, तुझ्यापासून सुरू करते." रूट कॅनाल झालं, काळा दात बराचसा कापून टाकला. उरलेल्या मुळात आधारासाठी एक काडी बसवतात, तिला पोस्ट म्हणतात. पूर्वी ती धातूची असायची, आता काचेच्या तंतूंची मिळते. आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक, पांढुरकी, खालच्या टोकाला निमुळती. मुळात सिमेंट भरायचं, त्यात ती काडी, वर कॅप. सगळा दात त्या काडीवर उभा राहतो. काडी सुटली की दात गेला. मैत्रीचा प्रबंधही पुढं त्याच काडीवर ठरला: काडीच्या पृष्ठभागावर आधी काय केलं तर ती सिमेंटला जास्त घट्ट धरते. एका गटात काही करायचं नाही. एकात पेरॉक्साइडमध्ये ठेवायची, म्हणजे वरचा चिकट थर जाऊन काचेचे तंतू उघडे पडतात. एकात बारीक वाळूचा फवारा मारायचा. एकात सिलेन नावाचं पाण्यासारखं औषध ब्रशनं लावायचं आणि मिनिटभर सुकू द्यायचं. मग दातांच्या आडव्या चकत्या कापायच्या आणि माझ्या मशीनवर सुईएवढ्या टोच्यानं मधली काडी ढकलून बाहेर काढायची. किती जोर लागला ते मी लिहायचं. मुलीच्या प्रबंधाचे आकडे बापानं काढायचे, याचं मला किती वाटायचं ते मी कोणाला सांगितलं नाही. दिगंबरला कळलं होतं. म्हणायचा, "आज लेकीचे नमुने वाटतं. मशीनला तेल पाजलंय सकाळपासून."

कांताच्या काडीला मैत्रीनं सिलेन लावलं होतं. मी तिथं होतो. कांता घाबरत होती म्हणून मी रजा टाकून गेलो होतो आणि खुर्चीशेजारी उभा होतो. आई आहे म्हणून मैत्री जास्तच जपून करत होती. काडी चिमट्यानं बाटलीतून काढली, धुतली, वाळवली, ब्रशनं औषध लावलं आणि ट्रेवर काचेच्या तुकड्यावर ठेवली. मग कागदी काड्यांनी मुळातला ओलावा टिपायला वळली. मला ती काडी ओली दिसली. माझ्या लॅबमध्ये कुठलाही नमुना पुसल्याशिवाय मशीनवर जात नाही. सळी असो, ठोकळा असो. ओल असली, धूळ असली तर आकडा खोटा येतो. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं आणि नंतर मी अनेकांना शिकवलं. माझ्या खिशात नेहमी एक धुतलेला रुमाल असतो, तो त्याच कामाचा. मी ती काडी उचलली, रुमालात धरून टोकापर्यंत पुसली आणि परत काचेवर ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नव्हता. माझा हात गेला. मैत्रीची पाठ होती. कांतानं मात्र पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, त्यात कापूस आणि नळी होती, बोलता येत नव्हतं. डोळे माझ्याकडे होते. घरी येताना बसमध्ये म्हणाली, "तुम्ही काय पुसून राहिले होते?" मी म्हणालो, "काही नाही. ओलं होतं." ती म्हणाली, "पोरीचं काम पोरीला करू द्या ना जी." आणि खिडकीकडे तोंड करून काचेत दात पाहत बसली.

पुढचे चौदा महिने ती उघड्या तोंडानं हसली. हे लिहायला एक ओळ लागते. पण मी तिला पंचवीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं आणि घरात वावरताना मला सारखं दचकायला व्हायचं. भाजी चिरताना टीव्हीवर काहीतरी पाहून हसायची आणि मी वर बघायचो, कोण आलं म्हणून. पहिल्या दिवशी आरशासमोर उभी राहून तिनं मला बोलावलं. "अहो, इकडे या. पाहा, मी माझ्या बहिणीसारखी दिसतो का नाही?" तिची बहीण लहानपणीच गेली होती. मी म्हणालो, दिसतेस. मी त्या बहिणीला कधी पाहिलं नव्हतं. बाणेरच्या कंपनीत वर्षाच्या शेवटी हिला हसतमुख सेवेचं सर्टिफिकेट मिळालं. ते तिनं बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. मैत्री म्हणाली, "आई, फोटोखाली नको." ही म्हणाली, "त्यायच्यामुळेच तर मिळालं. तू डॉक्टर झाली नसती तर काळ्याच दातानं गेली असती मी."

तर मला कळलं केव्हा, तेही सांगितलं पाहिजे. कांता गेली सप्टेंबरात. त्याच्या आधी फेब्रुवारीत मैत्री लॅबमध्ये काड्या तयार करत बसली होती. त्यांच्या कॉलेजात पेंटिंगचं काम चालू होतं म्हणून तिनं आमचं एक टेबल मागून घेतलं होतं. सिलेन लावलेल्या दहा काड्या तिनं ओळीनं ठेवल्या आणि मी रुमाल घेऊन पुढं झालो. ती एकदम म्हणाली, "पप्पा, हात नका लावू." मी थांबलो. ती हसली. "पुसायची सवय. तुमचा काही दोष नाही. पण सिलेन पुसलं ना, की संपलं. ते दिसत नाही, पण सगळी पकड त्याचीच. एका बाजूनं काच धरतं, एका बाजूनं सिमेंट. हाताचं तेल लागलं तरी गेलं. वरून काडी तशीच दिसते, म्हणून तर फसतो माणूस." मी विचारलं, "मग काय होतं?" ती म्हणाली, "काही होत नाही. बसते नीट. महिने जातात, वर्ष जातं. मग एक दिवस सुटते." मी रुमाल खिशात ठेवला. त्याच वेळी सांगायला हवं होतं. आईची काडी मी पुसलीय, एवढीच चार शब्दांची गोष्ट होती. ती म्हणाली असती, पप्पा, काय हे, आणि रविवारी आईला बोलावून पुन्हा बसवली असती. एका तासाचं काम. मी सांगितलं नाही, कारण दात चांगला घट्ट होता. आणि ती मला त्या दिवशी 'पप्पा, तुमच्यासारखे आकडे कोणी काढत नाही, आमच्या मॅडमसुद्धा म्हणतात' असं म्हणाली होती. हे दुसरं कारण मी आज पहिल्यांदा लिहितोय.

त्या वर्षी पुण्यात स्वाइन फ्लू होता. ऑगस्टात शाळा-कॉलेजं बंद होती, सप्टेंबरातही रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला लॅबच्या फोनवर कांताचा फोन आला. "अहो, दात निघाला." 'दात' म्हणताना हवा सुटत होती आणि मला हसू आलं. ती म्हणाली, "काहून हसून राहिले? भुईमुगाची शेंग फोडली फक्त. कॅप, काडी, सगळंच हातात आलं." मी म्हणालो, मैत्रीकडे जा. ती म्हणाली, "उद्या जातो ना. आज एकची ड्यूटी आहे. तसंही तोंडाले तर सगळेच बांधून फिरून राहिले, कोणाले दिसते?" तेव्हा मी तिला समजावलं. मी, मशीनवाला. मूळ उघडं राहिलं की आत लाळ जाते, मग नीट बसत नाही, आत्ताच जा, शेंगा खाल्ल्यात तर चूळ भर आणि काडी फेकू नको, कागदात गुंडाळ. आता मला वाटतं की मला घाई दाताची नव्हती. फोनवर निघाला हा शब्द ऐकला तेव्हा हसू आलं आणि हसता हसता मला फेब्रुवारी आठवला. मला ते लवकर मिटायला हवं होतं. दात पुन्हा बसला असता म्हणजे मी कधी काही पुसलंच नव्हतं असं झालं असतं. ती म्हणाली, "बरं, जातो." मी म्हणालो, "हो." फोन ठेवला आणि मैत्रीच्या चकत्या बाहेर काढल्या.

पंचनाम्याच्या वेळी एका टपरीवाल्यानं सांगितलं, बाईंनी तोंडाला पदर घट्ट धरला होता, फ्लूमुळे असेल. गाडी आली तेव्हा हात वर केला नाही, पदर सोडला नाही. हवालदारानं ते तसंच लिहून घेतलं. फ्लूला ती घाबरत नव्हती. रस्त्यावर कोणाला तिच्या दातांतली खिंड दिसू नये म्हणून तिनं तो हात गुंतवला होता. चौदा महिने मोकळा असलेला हात. पोलिसांनी तिची पर्स दिली. आत पास, मोबाइल, कंपनीचं ओळखपत्र, आणि कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, त्यात घडी घालून कॅप आणि काडी. पर्स घरी आली, पुडी माझ्या खिशात राहिली. ज्या खिशात रुमाल असतो त्यात.

कांताच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. वाशीमकडचे आले, सोसायटीतले आले, कंपनीतल्या पँट्रीच्या चार बाया एकसारख्या निळ्या साड्यांमध्ये आल्या. विहारातल्या भन्तेंनी त्रिसरण-पंचशील घेतलं. मी लहानपणापासून म्हणतोय, झोपेतही म्हणेन. मुसावादा वेरमणी आलं तेव्हा माझा आवाज गेला. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो. सगळे म्हणत होते, मी ओठ हलवत होतो. शेजारी बसलेल्या मैत्रीला वाटलं मला भरून आलंय. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "पप्पा, आईच्या पर्समध्ये दात होता का?" आणि मी म्हणालो होतो, "नाही. रस्त्यात पडला असेल." ती म्हणाली, "मिळाला असता तर मला पाहायचं होतं." काय पाहायचं होतं ते मला माहीत होतं. काडीला सिमेंट चिकटून आलंय का. सिमेंट काडीबरोबर आलं असेल तर मुळाशी पकड चुकली, म्हणजे मैत्रीनं मूळ नीट सुकवलं नाही. काडी स्वच्छ निघाली असेल तर काडीच्या पृष्ठभागावर चुकलं.

तिनं न पाहताच ठरवून टाकलं. मुळात ओल राहिली होती, असं ती म्हणते. आई घाबरली होती, लाळ फार सुटत होती, मला मॅडमना बोलवायला पाहिजे होतं, मी घाई केली. हे ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, मग सांगायची थांबली. कॉलेजला जाते, पण पेशंटला हात लावत नाही. ट्रे मांडून बसते आणि दुसऱ्या कोणाला तरी देते. एकदा स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता म्हणाली, "माझ्या हातनं गेली ती." मी म्हणालो, "गाडीनं गेली. गाडी उलटी आली." ती म्हणाली, "ती रस्त्यावर का होती, पप्पा?" मी पोळी उलटली. तव्यावरची पोळी बघत उभा राहिलो आणि ती जळली.

ऑक्टोबरात एका शनिवारी लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी पुडी उघडली आणि काडी आमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. आम्ही त्याच्यात सळीची तुटलेली टोकं पाहतो. काडी स्वच्छ होती. वरच्या टोकाला कॅपजवळ सिमेंटचा एक बारका ठिपका, बाकी काही नाही. तंतू एकाला एक लागून, सरळ, जणू आत्ताच पाकिटातून काढली. मी ती फिरवून फिरवून पाहिली. मग मला सुचलं की एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मी सव्वीस वर्षं ऐकतोय. एका गटात निदान दहा लागतात. कुठल्याही परीक्षकासमोर ही एक काडी टिकणार नाही. लाळ असेल, सिमेंट जुनं असेल, शेंगेचा जोर असेल, चौदा महिने चावणं असेल. सिलेननं तसा फार फरक पडतच नाही असंही काही ठिकाणी छापून आलंय, मैत्रीनंच वाचून दाखवलं होतं. मला थोडा वेळ खूप हलकं वाटलं. मग मी पुडी पुन्हा बांधायला घेतली तेव्हा पाहिलं की काडी कागदात ठेवण्याआधी माझ्या उजव्या हातानं खिशातला रुमाल काढला होता आणि काडी पुसली होती. म्हणजे ती आता दोनदा पुसलेली आहे. आता तिच्यावर जे काही होतं नव्हतं ते सांगायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

आज दुपारी मैत्री लॅबमध्ये आली. तिचे बारा नमुने अजून आमच्याकडे पाण्याच्या बाटलीत आहेत, त्या दिवशी राहिलेले. म्हणाली, "पप्पा, हे टाकून द्या. मी उद्या अर्ज देतेय. सोडते." दिगंबर कागद चाळत होता, त्याचे हात थांबले. तो म्हणाला, "अर्ज मराठीत देणार का इंग्रजीत? इंग्रजीत दिलास तर महिनाभर कोणी वाचणार नाही. तेवढ्यात विचार बदलेल." मैत्री हसली नाही. म्हणाली, "काका, विचार झालाय. मॅडमना तोंडी सांगितलंय." दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चहा आणतो म्हणून बाहेर गेला. तो स्वतः चहा आणायला कधी जात नाही. मी म्हणालो, "एक तरी लावू. राहिलेत तर आकडे काढून ठेवू." का म्हणालो माहीत नाही. मला वाटलं मशीन चालू असताना सांगता येईल. त्या वेळी दोघंही स्क्रीनकडे बघतो, एकमेकांकडे बघावं लागत नाही. ती म्हणाली, "काय उपयोग?" पण स्टूल ओढून बसली, लहानपणी बसायची तशी, पाय दांडीवर. मी बाटलीतून एक चकती चिमट्यानं काढली. नाण्यापेक्षा लहान, मध्ये पांढरा ठिपका. पाणी टपकत होतं. उजव्या हातानं रुमाल काढला आणि मी थांबलो. हात तसाच राहिला. चकती एका हातात, रुमाल एका हातात. थेंब टेबलावर पडत होते, एक वहीच्या पानावर पडला. मैत्री म्हणाली, "पुसा ना, पप्पा. चकती पुसायला काही हरकत नाही. तुम्ही नेहमी पुसता."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा आईचा आहे. तोंड मिटलेलं होतं. अलीकडे ती तोंड मिटूनच असते, हे मला तेव्हा दिसलं. मी म्हणालो, "मैत्री." ती म्हणाली, "काय?" दिगंबर तीन चहा घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "लावला का नमुना?" मी चकती परत पाण्यात टाकली. म्हणालो, "उद्या लावू." मैत्री चहा पिऊन गेली. जाताना टेबलावरचं पाणी तिनं तिच्या ओढणीनं पुसलं.

पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बारा नमुने बाटलीत आहेत. त्यांच्या कॉलेजचं ऑफिस उद्या साडेदहाला उघडतं. मैत्रीला मी अजून सांगितलेलं नाही.